ध्वनिमुद्रिकेतील अनाम वादक : जाझ, अष्टपैलुत्व आणि कर्तृत्वाचा प्रश्न

१

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी येथील केदारेश्वराचे मंदिर पाहावयास गेलेला अभ्यासक बाह्यभिंतीवरील मूर्तींसमोर थांबतो, त्यांची ठेवण न्याहाळतो, शैलीवरून काळ ठरवितो आणि चालुक्यकालीन स्थापत्याच्या परंपरेत त्या मंदिराला स्थान देतो. मूर्ती घडविणारा हात कोणाचा, हा प्रश्न त्याच्या मनात आला तरी तो फार वेळ रेंगाळत नाही. कारण त्याचे उत्तर मिळण्याची शक्यता नसते. कारागिराचे नाव काळाच्या उदरात गडप झाले आहे, असे म्हणून तो पुढे जातो. त्याच परिसरातील अंबाजोगाईला मात्र मराठी अभ्यासकाची वृत्ती पालटते. मुकुंदराज अंबाजोगाईचे की विदर्भातील आंभोऱ्याचे, या प्रश्नावर संशोधकांच्या पिढ्यांनी शक्ती वेचली आहे. ग्रंथ कोणाचा, कोठला आणि केव्हाचा, हे ठरविल्यावाचून त्याचा विचार पुरा होत नाही, अशी मराठी वाङ्मयाभ्यासाची धारणा आहे.

कलाकृतीकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी होत. एक अनामिकता गृहीत धरते, दुसरी कर्तृत्वाची चिकित्सा करते. विसाव्या शतकाने ध्वनिमुद्रिका नावाची जी नवी कलावस्तू निर्माण केली, तिच्याकडे आपल्याकडील टीकाव्यवहाराने बव्हंशी पहिल्या दृष्टीने पाहिले आहे. चित्रपटगीताचा विचार करताना गायक, संगीतदिग्दर्शक आणि गीतकार या तिघांच्या पलीकडे कोणी आहे, याची जाणीव क्वचितच ठेवली जाते. वस्तुतः गीताच्या प्रारंभी येणारा ट्रंपेटचा पुकार, दोन कडव्यांच्या मध्ये येणारा सॅक्सोफोनचा तुकडा, ओळ संपताच उमटणारी अकॉर्डियनची एखादी जागा, ही सर्व हाडामांसाच्या माणसांनी ठराविक दिवशी ठराविक जागी वाजविलेली असतात. मंदिराच्या शिल्पकाराचे नाव काळाने पुसले. या वादकांचे नाव मुळात लिहिलेच गेले नाही. या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत १९४० ते १९८० या काळात काम करणाऱ्या, जाझच्या संस्कारात वाढलेल्या किंवा तो संस्कार पुढे आत्मसात केलेल्या अष्टपैलू वादकांचे कलादृष्ट्या स्थान काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अष्टपैलुत्व हा केवळ कारागिरीचा गुण, की तीही एक शैली, हा त्यातील कळीचा प्रश्न होय.

२

जाझसंगीत मुंबईत प्रथम रुजले ते हॉटेलांच्या नृत्यगृहांत. १९३५ मध्ये लिऑन अॅबे या आफ्रो-अमेरिकन वादकाचे मंडळ ताजमहाल हॉटेलात आले. पुढे ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांचे वास्तव्य येथे झाले. वेदरफोर्ड हे शिकागोच्या जाझविश्वात वावरलेले कलावंत. हिंदुस्थानात त्यांनी बराच काळ काढला आणि १९४५ साली कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. या कलावंतांच्या सान्निध्यात जे देशी वादक जाझ शिकले, त्यांत गोमंतकीयांचा भरणा मोठा होता. याचे कारण आकस्मिक नाही. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविण्याची प्रथा होती. त्यामुळे लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजविता येणारे वादक त्या लहानशा प्रदेशातून पिढ्यान्पिढ्या तयार होत राहिले. गोव्यात त्यांना पुरेसा उद्योग नव्हता. मुंबईस येऊन धोबीतलावच्या परिसरातील आपापल्या गावच्या कुडांत राहावयाचे आणि हॉटेल, मूकपट, लष्करी बँड यांपैकी जेथे मिळेल तेथे काम धरावयाचे, हा त्यांचा जीवनक्रम होता.

स्वातंत्र्योत्तर काळात या व्यवसायाचे स्वरूप बदलले. गोरा श्रोतृवर्ग मायदेशी गेला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील रात्रीच्या मैफलींचा आर्थिक पाया डळमळला. सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे लाहोरच्या हॉटेलांतून वादकमंडळ चालविणारे कलावंत फाळणीमुळे मुंबईकडे वळले. नेमक्या याच सुमारास चित्रपटसंगीत मोठ्या वाद्यवृंदाची मागणी करू लागले होते. संगीतदिग्दर्शकांपैकी बहुतेकांना रागदारी अवगत होती, लोकसंगीत अवगत होते. पण चाळीस वाद्यांसाठी वेगवेगळे भाग लिहून काढण्याचे शास्त्र ज्यांना साधले होते असे थोडे. ही उणीव गोमंतकीय वादकांनी भरून काढली. काहीजण संयोजक झाले, काहीजण वादक राहिले, अनेकांनी दोन्ही कामे केली. पडद्यावरील नामावलीत त्यांपैकी एखाद्याला ‘साहाय्यक’ म्हणून जागा मिळे. उरलेले हजेरीचा मोबदला घेऊन घरी जात.

हा इतिहास ग्रेगरी बूथ यांनी वादकांच्या मुलाखतींवर आधारलेल्या ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या ग्रंथात आणि नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) मध्ये विस्ताराने मांडला आहे. दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत, आणि दोहोंचा भर स्वाभाविकपणेच सामाजिक इतिहासावर आहे. कलामूल्याचा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो. वादकांवर अन्याय झाला, एवढे सिद्ध झाल्याने त्यांची कला श्रेष्ठ ठरत नाही. ती श्रेष्ठ होती काय, हे ध्वनिमुद्रिकाच ऐकून ठरवावे लागेल.

३

जाझच्या टीकाव्यवहाराकडून येथे एक महत्त्वाची गोष्ट घेण्यासारखी आहे. १९३६ साली पॅरिस येथे शार्ल दलोने यांनी जाझ-ध्वनिमुद्रिकांची एक सूची प्रसिद्ध केली. मुद्रिकेवर ज्या मंडळाचे नाव छापलेले असे त्यावर समाधान न मानता, त्या मुद्रणात ट्रंपेट कोणी वाजविला, पियानोवर कोण होते, हे शोधून नोंदविण्याचा मार्ग या सूचीने रूढ केला. पुढील जाझ-संशोधन याच पायावर उभे राहिले. वरवर पाहता हे काम कारकुनी वाटेल. वास्तविक ते टीकेचे आद्य कर्म आहे. जाझ ही उपजेची कला. आयत्या वेळी स्फुरलेला स्वरसमूह हाच तिचा प्राण. तो स्वरसमूह कोणाचा हे ठाऊक नसेल, तर एका वादकाची एका वर्षातील शैली आणि दहा वर्षांनंतरची शैली यांची तुलना करता येत नाही, प्रभाव दाखविता येत नाहीत, अस्सल आणि अनुकरण यांतील भेद सांगता येत नाही. नामावली हाती आली की मगच टीका संभवते.

मराठी परंपरेलाही ही दृष्टी परकी नव्हती. गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगास जाणारा रसिक बालगंधर्वांइतकाच तबल्यावरील अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवरील कादरबक्ष यांच्यासाठी जात असे. साथीदार कोण, यावर मैफलीचा रंग अवलंबून असतो हे त्याला पक्के ठाऊक होते. साथ हा शब्दच मराठीत सन्मानाचा आहे. पुढे प्रभाकर जोग यांच्या व्हायोलिनला मराठी श्रोत्यांनी जे प्रेम दिले, तेही याच वृत्तीतून. सुधीर फडके यांच्या गीतरामायणाच्या कार्यक्रमांत जोग डोळ्यांसमोर बसलेले असत, आणि त्यांच्या वाद्याचा बोल गायकाच्या बोलापासून वेगळा ओळखू येत असे.

मग चित्रपटगीताच्या बाबतीत ही दृष्टी का हरपली? याचे उत्तर ध्वनिमुद्रिकेच्या स्वरूपात आहे. मैफलीत वादक दिसतो; तबकडीवर तो दिसत नाही. मुद्रिकेच्या चकतीवर चित्रपट, गायक आणि संगीतदिग्दर्शक यांची नावे असत, वादकांची बहुधा नसत. पडद्यावर तर वाद्याचा आवाज नायकाच्या हातातील खोट्या वाद्यातून आल्याचे भासविले जाई. मराठवाड्यातील एखाद्या गावी फिरत्या चित्रपटगृहात किंवा रेडिओसमोर बसलेल्या श्रोत्याने ट्रंपेटचा आवाज आपलासा केला, गावच्या वरातीतील बँडने तो गिरविला. परंतु तो मूळचा कोणाचा, हे विचारण्यास त्याला कोणतेही साधन उपलब्ध नव्हते. आवाज गावोगाव पोहोचला आणि नाव मुंबईतच राहिले.

४

चिक चॉकलेट यांचे उदाहरण या संदर्भात प्रथम विचारात घेण्याजोगे आहे. त्यांचे मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ साली गोव्यातील हळदोणे येथे, निधन १९६७ साली मुंबईत. हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून त्यांची ख्याती होती, आणि ट्रंपेटवादनातच नव्हे तर रंगमंचावरील आविर्भावातही त्यांनी आर्मस्ट्राँगचा आदर्श समोर ठेवला होता. सी. रामचंद्र यांच्याशी त्यांचा जो सहयोग झाला, त्याची परिणती भगवान यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात दिसते. त्यातील एका गीतात त्यांचे मंडळ झालरींच्या बाह्यांचे पोषाख करून पडद्यावरही अवतरते.

सी. रामचंद्र हे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे शिकलेले. ‘अलबेला’त त्यांनी एकीकडे उडत्या नृत्यगीतांची लयलूट केली आणि दुसरीकडे एक हळुवार अंगाई दिली. ही दोन टोके एकाच संगीतकाराने कशी साधली, याचे कौतुक नेहमी केले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि नृत्यगीतांचा घाट नीट पाहिला तर असे आढळते की चाल कित्येकदा साधी, चार-दोन स्वरांत खेळणारी असते. गीताला जो उन्मेष प्राप्त होतो तो चालीच्या भोवती उभ्या केलेल्या वाद्यरचनेमुळे. ट्रंपेट गायकाच्या ओळीला नुसता दुजोरा देत नाही, तो तिला प्रश्न विचारतो, कधी तिची थट्टा करतो. मात्रेच्या किंचित मागे रेंगाळून मग झडप घालण्याची जी लकब जाझच्या लयतत्त्वाचे सार आहे, ती येथे एका हिंदी चित्रपटगीतात सहज येऊन बसली आहे. केवळ लिपीबद्ध स्वरांतून हे साधत नाही. मात्रेमागे किती रेंगाळावयाचे हे कागदावर लिहिता येत नाही. ते वादकाच्या श्वासात असते.

म्हणून ‘अलबेला’चे संगीत सी. रामचंद्रांचे, हे विधान खरे असूनही अपुरे आहे. ते अपुरे आहे असे म्हटल्याने सी. रामचंद्रांचे श्रेय तिळमात्र उणे होत नाही. आपल्या चालीला कोणता वादक हवा हे ओळखणे आणि त्याला मोकळीक देणे, हाही संगीतकाराच्या प्रतिभेचाच भाग आहे. जाझमध्ये ड्यूक एलिंग्टन यांची थोरवी याच गुणावरून मानली जाते. आपल्या मंडळातील विशिष्ट वादकाचा आवाज कानात धरून ते रचना करीत. फरक एवढाच की एलिंग्टन यांच्या वादकांची नावे जाझचा प्रत्येक विद्यार्थी जाणतो.

५

चिक चॉकलेट हे एका वाद्याचे, एका ठशाचे कलावंत. त्यांचा आवाज कोठेही ओळखू यावा असा. यानंतरच्या पिढीत जो वादकवर्ग पुढे आला त्याचे वैशिष्ट्य निराळे. मनोहारी सिंग (१९३१–२०१०) यांनी सॅक्सोफोन मुख्यत्वे वाजविला. परंतु बासरी, क्लॅरिनेट, मेंडोलिन यांवरही त्यांचा हात चाले. कलकत्त्याहून ते १९५८ च्या सुमारास मुंबईस आले आणि अनेक संगीतदिग्दर्शकांच्या ध्वनिमुद्रणांत अपरिहार्य होऊन बसले. केर्सी लॉर्ड (१९३५–२०१६) यांनी तालवाद्ये, ग्लॉकेनस्पील, अकॉर्डियन आणि पुढे विद्युत्-वाद्ये असा विस्तृत पल्ला गाठला. त्यांचे वडील कावस लॉर्ड आणि बंधू बुर्जोर लॉर्ड हेही तालवादक. बोंगोसारखी लॅटिन अमेरिकन वाद्ये मुंबईच्या गीतांत रूढ करण्याचे श्रेय कावस लॉर्ड यांना दिले जाते.

‘आराधना’ (१९६९) मधील पावसाळी रात्रीचे सुप्रसिद्ध प्रणयगीत या दोघांच्या सहकार्याचे उत्कृष्ट उदाहरण म्हणून घेता येईल. त्यातील सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा आणि अकॉर्डियन केर्सी लॉर्ड यांचे. हे गीत कॅमेऱ्याच्या एकाच अखंड दृश्यखंडात चित्रित झाले. दृश्य तोडून परिणाम साधण्याची सोय दिग्दर्शकाने स्वतःच टाळली. त्यामुळे भावाचे चढउतार दाखविण्याची जबाबदारी संगीतावर अधिकच पडली. गायकाची ओळ संपते, आणि शब्दांनी जे सांगावयाचे टाळले ते सॅक्सोफोन सांगतो. अकॉर्डियन मधूनच श्वास घेतल्यासारखे उमलते आणि मिटते. दोन्ही वाद्ये मिळून काही सेकंदांपेक्षा अधिक जागा कोठे घेत नाहीत. पण त्या जागा काढून टाकल्या तर गीत उरेल, प्रसंग उरणार नाही.

अष्टपैलुत्वाचे खरे स्वरूप येथे कळते. अनेक वाद्ये येणे म्हणजे अष्टपैलुत्व नव्हे. ती त्याची बाह्य खूण होय. सकाळी लोकगीताच्या ढंगाचा तुकडा, दुपारी रागदारीवरील गीत आणि सायंकाळी क्लबातील नृत्यगीत असे एका दिवसात वाजवावयाचे, आणि प्रत्येक वेळी त्या त्या भाषेत बोलावयाचे, हे ज्याला साधते तो अष्टपैलू. त्याचे काम चांगल्या नटाच्या कामासारखे आहे. नट भूमिकेत शिरताना स्वतःला विसरतो. तरी जाणकार प्रेक्षक त्याची चाल ओळखतो. मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन मिंडेच्या वळणाने एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरतो, तेव्हा पाश्चात्य वाद्य हिंदुस्थानी गळ्याचा मार्ग चोखाळीत असल्याचा प्रत्यय येतो. ही लकब गीत कोणाचेही असो, टिकून राहते. तिलाच शैली म्हणावयाचे.

मात्र या गुणाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. अमेरिकेतही असा वादकवर्ग होता. बेसवादक मिल्ट हिंटन यांची गणना सर्वाधिक ध्वनिमुद्रणे केलेल्या वादकांत होते. पियानोवादक हँक जोन्स १९५९ पासून सुमारे दीड दशक एका नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेत पगारी वादक होते. ट्रंपेटवादक क्लार्क टेरी यांनीही १९६० पासून तशी नोकरी केली. परंतु या तिघांनाही आपल्या नावाने जाझ वाजविण्याची आणि मुद्रित करण्याची वाट सदैव मोकळी होती. दिवसा ते दुसऱ्याची भाषा बोलत, रात्री आपली. मुंबईच्या वादकाला रात्रीची ही वाट उत्तरोत्तर अरुंद होत गेली. हॉटेलांतील मैफली होत्या. पण त्या मुद्रित करावयास कोणी फारसे उत्सुक नव्हते. फिल्मी गीतांच्या असंख्य तबकड्यांत विखुरलेल्या चार-चार मात्रांच्या जागा, हेच त्याचे संचित ठरले. अष्टपैलुत्वाची किंमत ती ही. ज्याला सर्वांचे बोलणे येत होते, त्याला स्वतःचे बोलणे दीर्घकाळ बोलू दिले गेले नाही.

हे ओळखून त्याविरुद्ध उभे राहण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. फ्रँक फर्नांड या ट्रंपेटवादकाने आणि संयोजकाने कोकणी चित्रपटाचा मार्ग धरला. ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे त्याचे फळ. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी १९५८ साली इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन करून रागसंगीत आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ स्वतःच्या नावाने घालण्याचे धाडस केले. तो प्रयत्न फार काळ टिकला नाही आणि पुढील दशकात ते अमेरिकेस गेले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातील एका गीतात गुरूचे नाव गुंफून कृतज्ञता व्यक्त केली. दैवाचा खेळ असा की ते नाव धर्मापुरीसारख्या गावांतील पोराटोरांच्याही तोंडी बसले; ते एका व्हायोलिनवादकाचे आहे हे मात्र त्यांपैकी कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. इतर वादकांचा आवाज नावावाचून पोहोचला, आणि गोन्साल्विस यांचे नाव आवाजावाचून.

६

या वादकांना जाझच्या नावाखाली एकत्र बसण्याची संधी १९६८ साली मिळाली. शंकर-जयकिशन यांची ‘राग जाझ स्टाइल’ ही दीर्घवादन ध्वनिमुद्रिका ती होय. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँमल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि भैरवी अशा अकरा रागांवरील रचना तीत आहेत. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो, तबल्यावर रमाकांत, गिटारवर दिलीप नाईक व अनिबाल कास्त्रो असे वादक तीत आहेत. वाद्यसंयोजन सेबॅस्टियन यांचे. एरवी अनाम राहणाऱ्या या मंडळींची नावे एकत्र घेता येतात, एवढ्यानेही ही मुद्रिका अभ्यासकाच्या दृष्टीने अमोल ठरते.

तिचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. पहिली तिच्या मर्यादेची. एका तबकडीत अकरा राग, म्हणजे एका रचनेला सरासरी तीन-चार मिनिटे. हे मान ७८ फेऱ्यांच्या तबकडीचे आणि चित्रपटगीताचे. दीर्घवादन मुद्रिकेने जी सवड उपलब्ध करून दिली होती, तिचा लाभ येथे घेतला गेला नाही. रागाचा विस्तार आणि जाझची उपज या दोहोंनाही वेळ लागतो. दोन्ही कला विचार करीत करीत पुढे जाणाऱ्या आहेत. येथे राग येतो तो स्वरसप्तकाच्या रूपाने, त्याच्या चलनाची ओळख पटते न पटते तोच रचना संपते. शिवाय रागांची निवडही जाझच्या स्वरमेळाची परीक्षा पाहणारी आहे. मालकंसात पंचम वर्ज्य. आणि षड्जानंतर पंचमाकडे झेपावणे ही तर बेसवादकाच्या बोटांची सवय. तोडीत मध्यम तीव्र. त्यामुळे चौथ्या स्वरावर उभारावयाची नेहमीची मेळरचना तेथे बसत नाही. या अडचणींना सामोरे जाऊन नवा स्वरमेळ घडविण्यास जी निवांतता हवी, ती तीन मिनिटांच्या चौकटीत नाही. ध्वनिमुद्रणगृहाची शिस्त वादकांच्या अंगी इतकी मुरली होती की बंधन सैल झाल्यावरही घाट जुनाच राहिला, असे म्हणणे प्राप्त आहे.

दुसरी गोष्ट तिच्या सामर्थ्याची, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. दोनच वर्षांपूर्वी, १९६६ साली, जो हॅरियट आणि कलकत्त्यात जन्मलेले जॉन मेयर यांची ‘इंडो-जाझ स्वीट’ ही मुद्रिका प्रसिद्ध झाली होती. लंडनच्या त्या प्रयोगात जाझवादकांचे एक पंचक आणि हिंदुस्थानी वाद्यांचे दुसरे पंचक समोरासमोर बसले होते. दोन संस्कृती एकमेकींशी बोलत होत्या, पण प्रत्येकीचे घर निराळे होते. रचनेच्या बांधणीत लंडनची मुद्रिका सरस आहे, यात संशय नाही. मुंबईच्या मुद्रिकेत मात्र अशी सीमारेषा ओढता येत नाही. सॅक्सोफोन वाजविणारा वादक गेली दहा वर्षे रागावर आधारलेल्या गीतांतून मिंड घेत आला आहे. ड्रम आणि तबला एकाच खोलीत, एकाच गीतासाठी, रोज शेजारी बसत आले आहेत. सतारिया चित्रपटगीताच्या नेमक्या जागा जाणतो. संगम जो काही आहे तो दोन मंडळांत नाही, एकेका वादकाच्या हातात आहे. सतारीचे बोल संपतात आणि सॅक्सोफोन ते उचलतो, तेव्हा भाषांतर झाल्यासारखे वाटत नाही; एकच माणूस आवाज बदलून बोलतो आहे असे वाटते.

हे सामर्थ्य एका मुद्रिकेसाठी कमावलेले नव्हे. रोजच्या कामातून, परक्याच्या चाली वाजविता वाजविता ते अंगी आले. ज्या अष्टपैलुत्वाने या वादकांचा स्वतंत्र आवाज दडपला, त्याच अष्टपैलुत्वाने त्यांना एक अशी भाषा दिली की जी अमेरिकेतील जाझवादकाजवळ नव्हती आणि येथील मैफलीच्या वादकाजवळही नव्हती. म्हणून त्यांना अपयशी जाझवादक समजणे चूक आहे, आणि केवळ कुशल कारागीर समजणेही तितकेच चूक आहे. ते एका नव्या संगीतभाषेचे कर्ते होते. त्या भाषेत त्यांनी दीर्घ ग्रंथ लिहिला नाही. सुटी वाक्ये लिहिली. ती वाक्ये दुसऱ्यांच्या ग्रंथांत विखुरलेली आहेत.

७

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. वाद्यवृंदातील प्रत्येक वादकाला कर्ता म्हणावयाचे तर कर्तृत्व या शब्दाला अर्थच उरणार नाही; व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत बसणाराही कर्ता ठरेल. आक्षेप बिनतोड नाही, पण त्यातील इशारा ध्यानात घेण्यासारखा आहे. कर्तृत्वाची कसोटी लावावयाची ती वादकाला नव्हे, त्या विशिष्ट जागेला. लिहिलेला भाग जो कोणीही तेवढ्याच यथार्थपणे वाजवू शकला असता, तेथे श्रेय संयोजकाचे. जेथे लिहिलेल्या स्वरांना वादकाने असे काही दिले की जे कागदावर नव्हते आणि दुसऱ्याला देता आले नसते, तेथे तो सहकर्ता. हा निर्णय दर वेळी कानानेच द्यावा लागेल. त्याला सरसकट नियम नाही. वाङ्मयातही प्रक्षिप्त आणि अस्सल यांचा निवाडा असाच, ओवी ओवी तपासून करावा लागतो.

कायद्याची भूमिका या संदर्भात बोधप्रद आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्या कलावंताच्या हक्कांना स्थान मिळाले आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते वाढले. तथापि याच दुरुस्तीने असेही ठरविले की चित्रपटात ज्याचे सादरीकरण प्रासंगिक किंवा आनुषंगिक स्वरूपाचे आहे, आणि धंद्याच्या रूढ प्रथेप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीतही दिले जात नाही, त्याला एका मर्यादित नैतिक हक्काखेरीज सादरकर्ता मानले जाणार नाही. वादकाच्या कामाला आनुषंगिक म्हणावयाचे की नाही, हा वादाचा मुद्दा होईल; पण नाव न देण्याची प्रथा हीच हक्क नाकारण्याचा एक आधार बनू शकते, हे उघड आहे. नोंद ही किरकोळ बाब आहे असे मानणाऱ्यांनी या तरतुदीचा विचार करावा.

टीकेचे कर्तव्य कायद्याहून वेगळे आणि अधिक सूक्ष्म आहे. चित्रपटसंगीतावर प्रबंध लिहिताना एखाद्या संगीतदिग्दर्शकाच्या शैलीचे म्हणून जे विशेष सांगितले जातात, त्यांपैकी किती त्याच्या चालीचे, किती संयोजकाचे आणि किती वादकाचे, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारला गेला पाहिजे. एकच वादक चार संगीतदिग्दर्शकांच्या गीतांत सारखाच बोलत असेल, तर तो विशेष त्या चौघांचा नव्हे, हे साधे तर्कशास्त्र आहे. त्यासाठी दलोने यांनी जाझसाठी जे केले ते मुंबईच्या ध्वनिमुद्रणांसाठी करावे लागेल: गीतवार नामावली, तारीखवार क्रम, वाद्यवार तुलना. ज्यांना विचारून हे कळले असते त्या पिढीतील बहुतेक कलावंत आता हयात नाहीत. तरी त्यांच्या मुलाखती उरल्या आहेत, त्यांच्या शिष्यांची आठवण उरली आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुद्रिका उरल्या आहेत.

केदारेश्वराच्या भिंतीवरील मूर्ती घडविणाऱ्याचे नाव शोधू गेल्यास अभ्यासकाच्या हाती काही लागण्याची आशा थोडी. त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. परंतु उद्या त्याच धर्मापुरीत एखाद्या घरी जुने गीत लागले, गायकाची ओळ संपून सॅक्सोफोन पुढे झाला, आणि हा कोणाचा, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर त्याचे उत्तर देता येण्यासारखे आहे. ते देता येत असूनही दिले गेले नाही, तर तो दोष काळाचा राहणार नाही.